संगणक क्षेत्रातील नोकऱ्या : उद्योजक, शिक्षणसंस्था आणि आपण

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही बँकेत लिपिक. शिक्षण कला शाखेचे. तेव्हा संगणक क्षेत्रावर बोलायला याला कोणी उभे केले, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल, तर तो रास्त आहे. परंतु आमच्या टेबलावर गेली कित्येक वर्षे शैक्षणिक कर्जाचे कागद येतात. मुलगा प्रवेश घेतो तेव्हा कागद येतो, आणि शिक्षण संपून वर्ष झाले की हप्त्याची नोटीस काढण्यासाठी तोच कागद पुन्हा समोर येतो. या दोन तारखांच्या मध्ये त्या मुलाचे काय झाले, हे बँकेइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही. त्या अधिकाराने चार शब्द बोलतो.

सत्काराची यादी आपण ऐकलीत. अभियांत्रिकीचे पदवीधर आपल्या वस्तीत आता मोजण्यापलीकडे गेले आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी एखादा असे, त्याला लोक रस्त्यात थांबवून पाहत. हा बदल शिष्यवृत्तीने, राखीव जागांनी आणि आईबापांच्या घामाने झाला. परंतु पदवी हातात आहे, नोकरी नाही, आणि मुलगा घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या कंपनीची पिशवी पाठीला लावून फिरतो, हेही याच वस्तीतले चित्र आहे. त्या कामाला आम्ही कमी लेखत नाही. पण त्यासाठी चार वर्षे आणि चार लाख लागत नाहीत.

मग अडते कुठे? कंपनी म्हणते, कॉलेज नीट शिकवत नाही. कॉलेज म्हणते, कंपनी आमच्या दारात येतच नाही, ती ठराविक पाच-दहा कॉलेजांतच जाते. आणि दोघेही मिळून मुलाला म्हणतात, तुझे इंग्रजी कच्चे आहे. म्हणजे दोष शेवटी ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यावर येऊन पडतो.

या संदर्भात एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे एक निवेदन दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले होते. हे निवेदन महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की कला आणि कायदा या विषयांच्या शिक्षणाने आपल्या समाजाचे फार भले होणार नाही, विज्ञान आणि तंत्रशास्त्राचे वरच्या दर्जाचे शिक्षण पाहिजे. हे कोण म्हणत होते? जे स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होते ते! (आम्ही कला शाखेचे असल्यामुळे हा उतारा पहिल्यांदा वाचला तेव्हा थोडे लागले, पण पटलेही.)

परंतु ते शिष्यवृत्ती मागून थांबले नाहीत, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने तोच भाग महत्त्वाचा आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी त्यांनी त्याच निवेदनात केली. याचा अर्थ नीट पाहा. तंत्राचे शिक्षण वर्गात अर्धे होते आणि यंत्रापाशी अर्धे होते, आणि यंत्र ज्याच्या मालकीचे त्याने दार उघडल्याशिवाय उरलेले अर्धे मिळत नाही, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. शाळा आणि कारखाना यांना एकत्र आणण्याची जी भाषा आज मोठमोठ्या परिषदांत ऐकू येते, ती आपल्याला नवीन नाही. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि तिने पिढ्या उभ्या केल्या. कारखान्याच्या दाराचे काम मात्र अर्धवटच राहिले. त्या काळी दार छापखान्याचे होते, आज ते संगणक कंपनीचे आहे, इतकाच फरक.

आता हे दार बंद आहे, असे म्हटले की काही लोकांना राग येतो. ते म्हणतात, खाजगी कंपनीत जात कोण विचारतो, तिथे फक्त गुणवत्ता. यावर वाद घालण्यापेक्षा एक प्रयोग सांगतो. आपले अमरावतीकडचे, औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलेले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. सुखदेव थोरात आणि अमेरिकेतील प्रा. पॉल अॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिराती घेतल्या. ५४८ जाहिरातींना एकूण ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, बदल फक्त नावात. एक आडनाव उच्चवर्णीय, एक दलित, एक नाव मुसलमानाचे. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली, आणि मुसलमान नावाची सुमारे एक तृतीयांश. लक्षात घ्या, इथे अजून कोणी कोणाला भेटलेले नाही, इंग्रजी ऐकलेले नाही. फक्त पाकीट उघडले आहे.

त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या दोघांनी दिल्लीकडील कंपन्यांच्या २५ भरती अधिकाऱ्यांशी बोलून लेख लिहिला. ते अधिकारी म्हणत, आम्ही जात पाहत नाही, आम्ही घरची पार्श्वभूमी पाहतो. वडील काय करतात, घरात कोण कोण शिकलेले आहे, कोणत्या भागात राहता. आता आपल्या मुलाने याचे उत्तर काय द्यायचे? वडील नगरपालिकेत आहेत, असे म्हणून तो थांबतो. समोरच्याला पुढचे समजते.

परदेशात गेले की हे संपते, असेही नाही. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को या संगणक कंपनीवर, एका दलित अभियंत्याला जातीवरून वेगळे वागवले, असा दावा लावला. कंपनीने तो नाकारला, आणि दोन वरिष्ठ अभियंत्यांवरचा वैयक्तिक दावा २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याने मागे घेतला. खरेखोटे ठरवणे आपले काम नाही. परंतु जात हा शब्द अमेरिकेच्या न्यायालयात पोहोचला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातिभेदाला बंदी करणारा ठराव केला, हे घडले आहे.

आता दुसरी बाजू. दार थोडे उघडण्याचे जे प्रयत्न झाले, तेही न्यायबुद्धीने पाहिले पाहिजेत. २००६ साली खाजगी क्षेत्रात आरक्षणाची चर्चा जोरात सुरू झाली. पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी उद्योगपतींना स्वतःहून काही करा असे सांगितले, आणि उद्योजकांच्या संघटनांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कायदा नको, आम्ही आपण होऊन करतो, असा एकूण सूर. त्यातून काही कामे खरोखर उभी राहिली.

त्यातले आम्हाला सर्वांत बोलके वाटते ते बंगळूरचे. इन्फोसिसने तेथील आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेबरोबर, म्हणजे ट्रिपल आयटीबरोबर, अनुसूचित जाती-जमातींच्या सुमारे शंभर अभियांत्रिकी पदवीधरांसाठी काही महिन्यांचा विशेष वर्ग चालवला. ही मुले पदवी घेऊन नोकरीविना होती. वर्ग संस्थेचा, खर्च कंपनीचा, आणि काय शिकवायचे हे दोघांनी बसून ठरवलेले. प्रोग्रॅमिंग तर होतेच, पण गटात बोलणे, प्रश्न सोडवताना मोठ्याने विचार करणे, मुलाखतीत खुर्चीत कसे बसायचे हेही होते. शेवटी बहुतेकांना नोकऱ्या लागल्या.

यावरून काय दिसते? मुले तीच होती. डोकी तीच होती. काही महिन्यांत बुद्धी बदलत नाही. म्हणजे आधीच्या परीक्षेत जे मोजले जात होते ती बुद्धी नव्हती, सराव होता, आणि सराव मिळण्याची सोय होती. ज्याच्या घरात काका, मामा, बहीण कंपनीत आहेत त्याला तो सराव जेवणाच्या ताटावर मिळतो. आपल्या मुलाला तो विकत घ्यावा लागतो, आणि बहुधा कोणीतरी फसवून विकतो. रस्त्याला लागलेल्या 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशा पाट्या आपण पाहताच.

आपल्या पुण्यातही २००७ साली महिंद्रा समूहाने सामाजिकदृष्ट्या मागासलेल्या घरांतील तरुणांसाठी मोफत वर्ग सुरू केला. ९० दिवसांचा. मुले नोकरीला लागतात हे खरे. परंतु एक शंका बोलून दाखवतो. तीन महिन्यांत माणूस फोनवर बोलण्याच्या, हॉटेलच्या, दुकानाच्या कामाला तयार होतो. संगणकाचा जो गाभा आहे, म्हणजे नवीन प्रणाली रचणे, त्याला तीन महिने पुरत नाहीत. तेव्हा अशा वर्गांचे स्वागत करताना डोळे उघडे असावेत. कंपनीच्या मागच्या दालनात आपली मुले आणि पुढच्या दालनात दुसऱ्यांची, अशी नवी वेशीबाहेरची वस्ती काचेच्या इमारतीत तयार होऊ नये.

गाभ्याचे शिक्षण देणारे मार्गही आहेत आणि ते आपल्या लोकांना फारसे माहीत नाहीत, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. मद्रासच्या झोहो कंपनीने २००५ साली स्वतःची शाळा काढली. बारावी किंवा पदविका झालेली मुले घेतात, फी नाही, उलट विद्यावेतन देतात, साधारण दोन वर्षे शिकवून कंपनीत घेतात. पुढे त्यांनी तेनकाशीसारख्या लहान गावाकडेही काम नेले. ही शाळा जातीसाठी काढलेली नाही, पण पदवी आणि कॉलेजचे नाव न विचारल्यामुळे आपोआप गरीब घरची मुले आत आली. विप्रोने १९९५ पासून पिलानीच्या बिट्स संस्थेशी करार करून बी.एस्सी. झालेल्या मुलांना नोकरी करता करता पुढची पदवी दिली. एचसीएल कंपनीची 'टेकबी' ही योजना बारावीला गणित असलेल्या मुलांसाठी आहे. वर्षभर प्रशिक्षण, मग नोकरी, आणि नोकरीत राहून पदवी.

या शेवटच्या प्रकारात प्रशिक्षणाची फी असते, ती कर्ज काढून पुढे पगारातून फेडायची. आमचा पेशा म्हणून सांगतो, अशा कोणत्याही योजनेवर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी वाचा. प्रशिक्षण अर्धवट सुटले तर पैसे कोणी भरायचे. किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही. आणि कंपनीने नेमणूक पुढे ढकलली तर हप्ता थांबतो का. छापील कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत हे असते. वडिलांना वाचता येत नसेल तर कागद घेऊन आमच्याकडे या, शाखेत नव्हे, घरी या.

अशा योजनांत एक गोष्ट बहुधा लागते. बारावीला गणित. म्हणजे बाविसाव्या वर्षी कंपनीच्या दारात जे ठरते असे आपल्याला वाटते, ते खरे म्हणजे दहावीच्या निकालानंतर जून-जुलैमध्ये ठरून गेलेले असते. शिकवणीची फी परवडत नाही, म्हणून मुलीला कला शाखेला घालायचे आणि मुलासाठी कर्ज काढायचे, हे आपल्याकडे अजून चालते. जी वस्ती सावित्रीबाईंचे नाव घेते तिने हे थांबवावे. आणि शिकवणीचा प्रश्न असेल तर तो संस्थेने सोडवण्यासारखा आहे, त्यावर पुढे बोलतो.

इंग्रजीविषयी एक सांगायचे राहिले. २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी मिळाली आणि मराठीतूनही वर्ग निघाले. भाषेवर आमचे प्रेम आहे, आमची पदवीच मराठीची आहे. तरीही विचारतो, कंपनीची परीक्षा इंग्रजीत, मुलाखत इंग्रजीत, आणि आमच्या मुलाची पदवी मराठीत, तर तो पुन्हा दाराबाहेर राहणार नाही का? कंपन्यांना त्या वर्गाच्या रचनेत घेतले, परीक्षा मराठीतून घेण्याची त्यांची तयारी लेखी घेतली, तर गोष्ट वेगळी. नुसत्या अभिमानाने पगार होत नाही.

आता मागच्या सर्वसाधारण सभेत जो वाद झाला त्याकडे येतो. काही ज्येष्ठ म्हणाले, कंपन्यांच्या दारात प्रशिक्षणासाठी कशाला जायचे, हे भिक्षापात्र झाले, आपण खाजगी क्षेत्रात आरक्षणच मागितले पाहिजे. तरुणांपैकी काही म्हणाले, मोर्चे पुष्कळ झाले, आता नोकरीचे बोला. आमच्या मते या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. परंतु ज्येष्ठांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते तरुणांनी ऐकून घ्यावे. मर्जीने दिलेले मर्जीने काढूनही घेता येते. गूगलने २०१७ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठाशी करार करून तेथील संगणकाच्या विद्यार्थ्यांना आपल्या कॅलिफोर्नियातील आवारात आणून शिकवले. सर्वत्र वाहवा झाली. पुढे अमेरिकेत वारे फिरले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीने भरतीतील प्रतिनिधित्वाची आपली उद्दिष्टे सोडून दिली. एका परिपत्रकाने आले, एका परिपत्रकाने गेले.

म्हणून कायद्यात जे आधीच आहे ते तरी आपण पुरते वापरतो का, हे पाहिले पाहिजे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ सालचा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखून ठेवण्याचे कलम आले. हे कलम खाजगी कारखान्यालाही लागू आहे, ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत, आणि विद्यावेतनाचा काही भाग, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार सोसते. आयटीआयमध्ये 'कोपा' म्हणून संगणकाचा एक वर्षाचा व्यवसाय आहे, तो केलेली मुले-मुली आपल्याकडे आहेत. मात्र एक पळवाट ध्यानात ठेवा. राखीव जागांचे कलम 'नामनिर्देशित' व्यवसायांपुरते आहे, आणि २०१४ पासून कंपन्यांना स्वतःचे 'ऐच्छिक' व्यवसाय ठरवता येतात. आरक्षणाची मागणी करणाऱ्या ज्येष्ठांनी या एका शब्दावर लढा दिला, तर तो फुकट जाणार नाही.

काळ सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. नवख्या मुलाला पूर्वी जे सोपे काम देऊन शिकवत, त्यातले बरेचसे आता यंत्रच करू लागले आहे. म्हणजे पायरीची पहिली फळीच काढून घेतली जात आहे, आणि जो घरूनच दुसऱ्या फळीवर उभा आहे त्याला त्याचे काही वाटत नाही. कंपनीतला अनुभव कॉलेजात असतानाच मिळाला पाहिजे, असे आम्ही म्हणतो ते या कारणाने.

संस्थेने काय करावे? विहाराशेजारच्या सभागृहाला नवी फरशी बसवण्यासाठी निधी जमला आहे. फरशी दोन वर्षे थांबू शकते. त्या पैशात जुन्या खोलीत आठ-दहा संगणक, चांगली जोडणी आणि अकरावी-बारावीच्या गणितासाठी एक पगारी शिक्षक होतो. पगारी म्हणतो, कारण फुकट शिकवणारा परीक्षेच्या आधी गावाला जातो. आयआयटींचे एनपीटीईएलचे पाठ संगणकावर विनामूल्य आहेत, परीक्षेपुरती फी पडते. ते एकट्याने पाहून मुले झोपतात, गटाने पाहिले तर टिकतात.

दुसरे, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आणि औद्योगिक वसाहतीतील कंपन्यांना संस्थेच्या नावाने पत्र जावे. त्यात देणगी मागू नये. आपल्याकडे अमुक इतकी मुले या शिक्षणाची आहेत, त्यांना सहा महिने प्रत्यक्ष कामावर घ्या, नाकारलेल्या मुलाला कशात कमी पडला ते लेखी सांगा, आणि ते भरून काढल्यावर पुन्हा एकदा परीक्षेला बसू द्या, इतकेच मागावे. बंगळूरला जे झाले ते याहून फार वेगळे नव्हते. कंपनीत लागलेल्या आपल्या मुलांनीही महिन्यातून एक रविवार द्यावा. काही जण आडनाव बदलून किंवा लपवून तिथे आहेत, हे आम्हाला माहीत आहे. त्यांना दोष देत नाही. ते सभागृहात आले नाहीत तरी चालेल, फोनवरून एखाद्या मुलाची खोटी मुलाखत घेतली, तरी त्या मुलाचे काम होईल.

एक शेवटची सूचना. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांनी जातपडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत आत्ताच भरावा, प्रवेशाच्या आदल्या आठवड्याची वाट पाहू नये. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावाहून आणावा लागतो, त्याला महिना जातो. ज्यांना कागद जमवायला मदत हवी आहे आणि ज्यांना गणिताच्या वर्गात नाव घालायचे आहे, त्यांनी येत्या रविवारी सकाळच्या वंदनेनंतर सचिवांकडे नाव द्यावे. मुलींची नावे आधी लिहून घेतली जातील. जयभीम.